मस्तकावरचे केस आणि देवाची दृष्टी



सातपुड्याच्या परिसरात, बऱ्हाणपूर जिल्ह्यात, धूलकोट नावाचे गाव आहे. मराठी, निमाडी, हिंदी आणि आदिवासी बांधवांच्या बोली त्या मुलखात शेजारी शेजारी नांदतात. तेथील एका कुटुंबप्रमुखाने आम्हांस विस्ताराने पत्र लिहिले आहे. त्यांची थोरली कन्या परगावी परिचारिकेचे शिक्षण घेते. पुनरुत्थान सणाच्या सुट्टीत ती घरी आली ती खांद्यापर्यंत केस कापून. घरच्या आजीने कपाळाला हात लावला. आमच्या वेळी घरधनी गेला म्हणजेच बाईचे केस जात, असे ती म्हणाली. वडिलांनी संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय काढून मुलीपुढे ठेवला आणि केस वाढेपर्यंत तिने ख्रिस्तमंदिरात कुटुंबाबरोबर बसू नये, मागे भिंतीशी बसावे व ख्रिस्तशरीरही घेऊ नये, अशी आज्ञा केली. मुलगी एक रविवार मागे बसली. दुसरा रविवार उजाडण्यापूर्वीच ती वसतिगृहात परत गेली. आता तिचा फोन येत नाही. पत्राच्या शेवटी वडिलांनी विचारले आहे की, शास्त्र आपल्या बाजूचे आहे की नाही, ते स्पष्ट सांगावे.

प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही स्पष्ट द्यावयास हवे. शास्त्र या बाबतीत त्या वडिलांच्या बाजूचे नाही, असे आमचे मत आहे. परंतु एवढ्यावर थांबणे म्हणजे पवित्र वचनांची बोळवण करणे होईल. त्या अध्यायात केसांविषयी कठोर शब्द आहेत, हे खरे आहे. ते शब्द कोणास, कोठे व कशासाठी लिहिले गेले, याचा विचार आपण सावकाश करू.

करिंथ हे समुद्रावरचे, व्यापाराचे, मिश्र वस्तीचे शहर होते. संत पौलाने तेथे दीड वर्ष मुक्काम करून ख्रिस्तसभा उभी केली आणि पुढे एफेस येथून, इ. स. ५५ च्या सुमारास, हे पत्र लिहिले. त्या काळच्या त्या शहरात स्त्रीने सभेत डोक्यावर वस्त्र न घेणे आणि पुरुषाने केस लांब वाढविणे यांना लोकांच्या दृष्टीने एक विशिष्ट अर्थ होता. स्त्रीचे मुंडण केले जाणे ही तर उघड विटंबना समजली जाई. नवख्या ख्रिस्ती मंडळीच्या उपासनेकडे बाहेरचे लोक बोट दाखवून हसू नयेत, तिच्यात गोंधळ माजू नये, या चिंतेने प्रेषिताने हा विषय हाती घेतला. स्त्रिया सभेत प्रार्थना करतात व संदेश देतात, हे त्याने तेथे गृहीतच धरले आहे. त्याने त्यांना मागे भिंतीशी बसविलेले नाही. पुढे तो असेही सांगतो की, प्रभूमध्ये पुरुषावाचून स्त्री नाही व स्त्रीवाचून पुरुष नाही, आणि दोघांचेही मूळ देवच आहे. शेवटी कोणास वादच घालावयाचा असेल तर काय, असा प्रश्न उभा करून तो उत्तर देतो ते ख्रिस्तसभांच्या रीतीचे. तेथे तो देवाच्या दहा आज्ञांपैकी एकही पुढे करीत नाही.

रीत आणि आज्ञा यांतील हा भेद ख्रिस्तसभेने स्वतःच मानला आहे. १९१७ च्या धर्मसंहितेत स्त्रियांनी मंदिरात मस्तक झाकावे असा नियम होता. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना तो आठवत असेल. १९७६ साली, पोप सहावे पौल यांच्या कारकिर्दीत, श्रद्धासिद्धांत मंडळाने एक घोषणापत्र काढले. त्यात करिंथच्या पत्रातील मस्तक झाकण्याचा नियम हा त्या काळच्या शिस्तीचा भाग होता व तो आज बंधनकारक नाही, असे स्पष्ट केले आहे. १९८३ च्या नव्या संहितेत तो नियम घेतलाच नाही. आपल्या भगिनी आजही मिस्साबलीच्या वेळी भक्तिभावाने डोक्यावर पदर घेतात, ती सुंदर चाल आहे आणि ती त्यांनी अवश्य राखावी. परंतु जिच्या डोक्यावर पदर नाही तिच्याकडे वळून पाहण्याचा अधिकार त्या पदराने कोणास मिळत नाही.

आता त्याच अध्यायाचे पान उलटावे, अशी आमची त्या वडिलांना विनंती आहे. बहुतेक वाचक सोळाव्या वचनाशी थांबतात, कारण तेथे केसांचा विषय संपतो. सतराव्या वचनापासून प्रेषिताचा आवाज एकदम चढतो. आरंभी ज्यांची त्याने स्तुती केली होती त्यांनाच तो आता सांगतो की, या गोष्टीत मी तुमची स्तुती करणार नाही. गोष्ट कोणती? प्रभूच्या भोजनासाठी मंडळी एकत्र येत, तेव्हा सधन लोक आधीच जेवून पिऊन तृप्त होत आणि गरीब बंधू उपाशी राहत. एकाच मेजाशी दोन पंक्ती झाल्या होत्या. ज्यांच्यापाशी काही नाही त्यांना तुम्ही खाली मान घालावयास लावता काय, असा त्याचा संतप्त सवाल आहे. मूळ ग्रीक भाषेत मस्तकाच्या अपमानासाठी त्याने जे क्रियापद वर वापरले आहे, तेच येथे गरिबाच्या अपमानासाठी वापरले आहे. म्हणजे उघड्या मस्तकाने जो अपमान होतो त्याची त्याला काळजी आहे, पण प्रभूच्या मेजाशी कोणास अपमानित केले तर तो गप्प बसत नाही. प्रभूचे शरीर न ओळखता खाणारा आपल्यावर दंड ओढवून घेतो, हे भयंकर वाक्य त्याने याच संदर्भात लिहिले आहे.

ज्या अध्यायाच्या बळावर मुलीला मेजापासून दूर केले, त्याच अध्यायाचा उत्तरार्ध मेजापासून दूर करणाऱ्याविरुद्ध आहे. यावर आम्ही अधिक काय सांगावे? ख्रिस्तशरीर कोणी घ्यावे व कोणी घेऊ नये, हे ठरविण्याची सत्ता ख्रिस्तसभेने बापाच्या हाती दिलेली नाही, आणि खांद्यापर्यंतचे केस हे कोणत्याही पापाच्या यादीत नाहीत. तिच्या मनाला काही बोचत असेल तर तिने पापनिवेदनास जावे. तो तिचा आणि देवाचा व्यवहार आहे.

पवित्र शास्त्रात केसांचा उल्लेख अनेक ठिकाणी येतो, आणि सर्व ठिकाणी एकच नियम मिळत नाही. गणना नावाच्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात नाजीराचे व्रत सांगितले आहे. व्रत चालू असेपर्यंत मस्तकाला वस्तरा लावावयाचा नाही, आणि व्रत पुरे झाल्यावर ते वाढलेले केस उतरवून वेदीच्या अग्नीत टाकावयाचे. हे व्रत पुरुषाने घ्यावे किंवा स्त्रीने घ्यावे, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे देवासाठी पुरुषाचे केस लांब झाले आणि देवासाठी स्त्रीचे केस उतरले. संत पौलानेही किंख्रिया बंदरात नवस फेडण्यासाठी डोके मुंडविल्याचे प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात आपण वाचतो. किंख्रिया हे करिंथचेच बंदर होय. लांब केस पुरुषाला शोभत नाहीत असे करिंथकरांस लिहिणाऱ्याने त्यांच्याच दारात नवसाचे केस उतरविले होते.

उलट अबशालोमाचे पाहा. दावीद राजाच्या या पुत्राएवढा देखणा पुरुष इस्राएलात नव्हता. वर्षअखेर तो केस कापवी तेव्हा त्यांचे वजन राजाच्या मापाने दोनशे शेकेल भरे, म्हणजे दोन किलोंहून अधिक. तो ते तोलून पाही, हेच त्याच्या स्वभावाचे चित्र आहे. ज्याने आपले केस तोलले त्याने बापाचे मन कधी तोलले नाही. बंड करून तो पळत असता त्याचे मस्तक एला वृक्षाच्या फांद्यांत अडकले आणि तेथेच त्याचा अंत झाला. नाजीराचे केस लांब होते आणि अबशालोमाचेही लांब होते. लांबी सारखीच असली तरी एकाचे केस देवाला वाहिलेले होते आणि दुसऱ्याचे आरशाला.

तरुण मुलांच्या आईबापांनीही हे ध्यानात घ्यावे, कारण केसांचे भांडण घरोघरी मुलांवरूनही होते. ज्या वेदीपुढे बसून आपण मुलाला केस कापावयास सांगतो, त्या वेदीवरच्या चित्रात प्रभू येशूचे केस बहुधा खांद्यापर्यंत आलेले असतात! वस्तुतः प्रभूचे केस किती लांब होते हे शुभवर्तमानकारांपैकी एकानेही लिहिलेले नाही. फरात नदीवरच्या दुरा-युरोपस या प्राचीन नगरात तिसऱ्या शतकातील एक ख्रिस्ती प्रार्थनागृह १९३० नंतरच्या उत्खननात सापडले. तेथील भिंतीवरची प्रभूची चित्रे जगातील सर्वांत जुन्या चित्रांपैकी होत. त्यांत प्रभूला दाढी नाही आणि केस आखूड आहेत. लांब केसांचे आपल्या परिचयाचे रूप चित्रकारांनी पुढील शतकांत रूढ केले. पवित्र शास्त्राने जे सांगण्याची आवश्यकता मानली नाही त्यावरून घर मोडणे शहाणपणाचे नव्हे.

मग बाह्य रूपाला काहीच महत्त्व नाही काय? आहे. संत पेत्राने आपल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आणि संत पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात स्त्रियांच्या वेशभूषेविषयी उपदेश केला आहे. त्या उपदेशाचा रोख गुंफलेले केस, सोने, मोती आणि मोलाची वस्त्रे यांवर आहे. रोमी श्रीमंत घरांतील स्त्रिया दासींकडून तासन्‌तास केशरचना करवून घेत आणि ती मिरवीत. त्या मिरविण्याला प्रेषितांनी विरोध केला. सौम्य व शांत वृत्ती आणि सत्कृत्ये हेच खरे लेणे, असा त्यांचा सारांश आहे. केस किती बोटे असावेत हा त्या वचनांचा विषयच नाही. याउलट शंभर रुपयांची गरज असताना हजार रुपये केशभूषेवर उडविणे, लग्नसमारंभात दुसऱ्याला दिपविण्यासाठी कर्ज काढून दागिने घालणे, हे मात्र त्यांच्या उपदेशाच्या नेमके आड येते, आणि त्याविषयी आपल्या घरांत कोणी अध्याय उघडून बसत नाही.

संत याकोबाच्या पत्रातील दुसरा अध्यायही आपल्या ख्रिस्तमंदिराच्या दारावर लिहून ठेवावा असा आहे. सोन्याची अंगठी घातलेला माणूस आला तर त्याला पुढे बसवावयाचे आणि मळक्या वस्त्रांतला आला तर त्याला पायाशी बसावयास सांगावयाचे, याला तो दुष्ट बुद्धीचा न्याय म्हणतो. धूलकोटच्या मुलखात शेतातून थेट प्रार्थनेला येणारे कष्टकरी आहेत, अंगावर गोंदण आणि गळ्यात मण्यांच्या माळा असलेल्या आदिवासी भगिनी आहेत. त्यांच्या रूपावरून त्यांच्या श्रद्धेचे माप काढणारा डोळा आपल्यापाशी असेल, तर तोच डोळा उद्या स्वतःच्या लेकीवर रोखला जातो. या बाबतीत ख्रिस्तसभेचे धोरण फार जुने आहे. १६५९ साली रोमच्या धर्मप्रसार मंडळाने पूर्वेकडे जाणाऱ्या धर्मप्रसारकांस सूचना दिली की, श्रद्धेला व नीतीला उघड विरोधी नसतील अशा लोकांच्या चालीरीती त्यांना सोडावयास लावू नका. त्याआधी मदुरेस फादर रॉबर्ट डी नोबिली यांनी उच्चवर्णीय ख्रिस्ती बांधवांना शेंडी व जानवे ठेवू दिले. त्यावरून मोठा वाद माजला, आणि अखेर १६२३ साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी त्यास परवानगी दिली. शेंडीएवढ्या केसांसाठी खुद्द रोमपर्यंत वाद गेला होता. आणि निकाल शेंडी कापण्याच्या बाजूने लागला नाही.

आता घरच्या आजीच्या उद्गाराकडे वळू, कारण आम्हांस तो पत्रातील सर्वांत महत्त्वाचा भाग वाटला. वडिलांच्या हाती करिंथचे पत्र होते, पण त्यांच्या कानांत आजीचे शब्द होते. केस गेले म्हणजे नवरा गेला, ही भीती करिंथहून आलेली नाही. ती आपल्याच महाराष्ट्राच्या मातीतली आहे.

पती निवर्तला म्हणजे ब्राह्मणांत व इतर काही जातींत विधवेचे केशवपन करीत. न्हाव्याला बोलावून तिचे डोके भादरावयाचे, अंगावर आलवण द्यावयाचे आणि मंगल कार्यात तिचे तोंड पाहू नये म्हणून तिला आडोशाला बसवावयाचे, असा तो प्रकार होता. पंडिता रमाबाईंनी १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात सांगितले आहे की, दख्खनच्या ब्राह्मणांत हे मुंडण दर पंधरवड्यास होई. एकदा मोडलेले मन पंधरा दिवसांत जरा सावरते न सावरते तोच पुन्हा वस्तरा येई. त्यात कित्येक आठ-दहा वर्षांच्या मुली असत. ज्या नवऱ्याला त्यांनी नीट पाहिलेही नव्हते त्याच्या मरणाची खूण त्यांच्या मस्तकावर जन्मभर कोरली जाई. आणि हे सर्व धर्माच्या नावाने चाले, ग्रंथातील वचने काढून दाखविली जात, व दाखविणारे बहुधा बाप, भाऊ आणि सासरेच असत.

या अन्यायाविरुद्ध मराठीत लेखणी उचलणाऱ्यांत एक ख्रिस्ती लेखक अग्रभागी होता, याचा आपणांस अभिमान वाटावयास हवा. बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी १८५७ साली प्रसिद्ध झाली. ती मराठीतील आरंभीच्या कादंबऱ्यांपैकी एक, आणि तिचा विषयच हिंदू विधवांची दुःस्थिती हा आहे. पुण्यात जोतीराव फुले यांनी फसविल्या गेलेल्या विधवांसाठी १८६३ साली आपल्या घरी आश्रय उघडला. १८९० साली मुंबईत, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने, न्हावी बांधवांनी सभा भरविली आणि यापुढे विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असा निश्चय केला. त्या गरीब बांधवांची ही मजुरी होती, तीच त्यांनी नाकारली. शास्त्र जाणणाऱ्यांना जे सुचले नाही ते वस्तरा धरणाऱ्या हाताला सुचले.

पंडिता रमाबाई १८८२ साली स्वतः विधवा झाल्या, १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १८८९ च्या ११ मार्च रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन उघडले. पुढे ते पुण्यास गेले, आणि त्यांचे मोठे कार्य केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये उभे राहिले. त्या आपल्या कॅथोलिक परंपरेतील नव्हत्या. पण टाकून दिलेल्या मुलीला घर देणारा हात कोणत्या पंथाचा, हे प्रभूने कधी विचारल्याचे आम्हांस ठाऊक नाही. आयुष्याच्या शेवटापर्यंत त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम केले. करिंथकरांचा अकरावा अध्याय त्यांनी मुळातून वाचला होता. तरीही, किंबहुना म्हणूनच, मुंडण केलेल्या मुली त्यांच्या दारी आल्या तेव्हा त्यांनी त्यांना मागे भिंतीशी बसविले नाही.

येथे एक गोष्ट वाचकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावी. रमाबाईंची छायाचित्रे आपण पाहिली असतील. अंगावर साधी पांढरी साडी आणि डोक्यावर आखूड कापलेले केस. ज्या स्त्रीने सक्तीच्या मुंडणाचे दुःख साऱ्या जगापुढे मांडले तिने स्वतःचे केस मात्र आखूडच ठेवले होते. यात विसंगती नाही. एक केस दुसऱ्याने लाज लावण्यासाठी उतरविले होते, आणि दुसरे तिने स्वतःच्या इच्छेने ठेवले होते. आसिसीच्या संत क्लारेने १२१२ सालच्या झावळ्यांच्या रविवारच्या रात्री घर सोडले आणि संत फ्रान्सिसने तिचे लांब केस कापले. तो तिचा प्रभूशी झालेला वाङ्‌निश्चय होता, आणि आपले अनेक संन्यासिनी संघ त्या रात्रीची आठवण ठेवतात. याच्या उलट संत जोनचे उदाहरण. फ्रान्सच्या या शेतकऱ्याच्या मुलीवर १४३१ साली जो खटला चालला त्यात पुरुषी पोशाख आणि पुरुषासारखे कापलेले केस हेही आरोप होते. तिच्या न्यायाधीशांपाशीही शास्त्रवचने होती. तिला जिवंत जाळण्यात आले. पंचवीस वर्षांनी, १४५६ साली, तो निवाडा रद्द झाला, आणि १९२० साली ख्रिस्तसभेने तिला संतपद दिले. तिचे केस मोजणाऱ्यांची नावे आज कोण आदराने घेतो?

कापलेले केस हे व्रत असू शकतात, शोक असू शकतात, आजार असू शकतात किंवा साधी सोयही असू शकतात. कर्करोगाच्या औषधोपचाराने ज्यांचे केस गळतात त्या रुग्णांच्या टोपांसाठी आज कित्येक तरुणी आपले लांब केस हसत हसत देतात. आपण बाहेरून केवळ कात्री चाललेली पाहतो. शमुवेल संदेष्टा इशायाच्या घरी राजा निवडावयास गेला तेव्हा थोरल्या एलियाबाची उंची व रूप पाहून तो फसला. माणूस बाहेरचे पाहतो आणि परमेश्वर अंतःकरण पाहतो, हे त्याला तेथे कळले. शमुवेल संदेष्टा असून जर असा फसला, तर आपण आपल्या डोळ्यांवर किती विसंबावे?

या सर्वांहून मोठा दाखला संत लूकच्या सातव्या अध्यायात आहे. शिमोन परुश्याच्या घरी प्रभू भोजनास बसला असता गावात पापिणी म्हणून ठाऊक असलेली एक स्त्री आत आली, तिने आसवांनी त्याचे पाय भिजविले आणि आपल्या केसांनी पुसले. परपुरुषांसमोर केस मोकळे सोडणे ही त्या समाजात फार लाजिरवाणी गोष्ट होती. शिमोनाने नेमके तेवढेच पाहिले. प्रभूने मात्र तिच्या केसांना बोल लावला नाही. त्याने शिमोनालाच विचारले की, ही स्त्री तुला दिसते का? शिमोनाला केस दिसत होते, लौकिक दिसत होता, पण स्त्री दिसत नव्हती. मग प्रभूने तिला क्षमा केली आणि शांतीने पाठविले.

धूलकोटच्या त्या बंधूंना आम्ही हेच आदरपूर्वक विचारतो. त्यांचे पत्र चार पानांचे आहे. त्यात केस किती बोटे कापले हे आहे, शेजारी काय म्हणाले हे आहे, मुलीच्या लग्नाची काळजी आहे, आणि ती काळजी आम्हांस समजते. परंतु मुलीने केस का कापले, हे त्यांनी तिला विचारल्याचे चारही पानांत कोठे आढळत नाही. रुग्णालयातील कामामुळे असेल, मैत्रिणींचे पाहून असेल, नवस असेल, आजारपण असेल, किंवा केवळ तिला आवडले म्हणून असेल. कारण कोणतेही निघो, ते तिच्या तोंडून ऐकण्याआधी दिलेली शिक्षा हा न्याय होत नाही.

आईबापांचा अधिकार आम्ही कमी लेखीत नाही. मुलांना शालीनता शिकविणे, उधळपट्टी व दिखाऊपणा यांपासून परावृत्त करणे, हे त्यांचे कर्तव्य आहे. परंतु ज्या संत पौलाने मुलांना आईबापांची आज्ञा पाळावयास सांगितले, त्यानेच कलस्सैकरांच्या पत्रात बापांना बजावले आहे की, मुलांना चिरडीस आणू नका, नाहीतर ती खचून जातील. मुलांनीही आपल्या बाजूने विचार करावा. आजीच्या डोळ्यांत पाणी का आले हे समजून घेतले, तर आपला हट्ट थोडा मवाळ होतो. केस आपले असले तरी त्यांच्याकडे पाहणारी माणसेही आपलीच असतात. घरी येण्याआधी आईला एक शब्द सांगणे ही काही गुलामी नव्हे.

आजीलाही आमचे सांगणे आहे. आजी, आपण ज्या काळची आठवण काढली तो काळ कित्येक लेकींनी रडून काढला. आपल्या नातीचे केस कोणी ओढून कापलेले नाहीत. ती शिकते आहे, उद्या ती रात्रपाळीला कोणा परक्या रुग्णाच्या उशाशी बसेल, त्याचे ओठ पाण्याने भिजवील. त्या वेळी तिच्या वेणीची लांबी कोणी मोजणार नाही. तिच्या मस्तकावरचा प्रत्येक केस मोजणारा एकच आहे, आणि त्याने ते का मोजले, तेही संत मत्तयाच्या दहाव्या अध्यायात सांगितले आहे. भिऊ नये, देवाला आपली किंमत आहे, एवढे कळावे म्हणून त्याने ते मोजले आहेत. देव आपल्या लेकरांचे केस मोजतो ते त्यांना धीर देण्यासाठी. आपण मोजावयाचे झाले तर त्याच हेतूने मोजावेत.

म्हणून त्या बंधूंना आमचा सल्ला असा. येत्या रविवारची वाट पाहू नये. आजच मुलीला फोन करावा. तो तिने उचलला नाही तर दोन ओळी लिहाव्यात. रागाने धाडलेले पाठीमागचे शब्द त्यांनी पुसले जातात. शक्य असेल तर गाडी पकडून वसतिगृहात जावे आणि आजीच्या हातचे काही बरोबर न्यावे. आधी तिचे ऐकावे, मग आपले सांगावे. आणि पुढील सुट्टीत ती घरी येईल तेव्हा तिला हाताला धरून मंदिरात न्यावे व आपल्या शेजारी, नेहमीच्या जागी बसवावे. लोक पाहतील, त्यांना पाहू द्यावे. बाप आणि लेक एकाच मेजाशी जाताना पाहून गावाचा तोटा होणार नाही.

दयाळू पिता आमच्या सर्व कुटुंबांना परस्परांचे अंतःकरण पाहण्याची दृष्टी देवो, हीच प्रार्थना.